चिठ्ठीवरचं ब्राझील

नाताळ अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला तेव्हा मी बेसमेंटमध्ये घर तापवणाऱ्या फर्नेसशी भांडत होतो. "इनासभाऊ, या वर्षी तुमच्या रेकॉर्डच्या दुकानाबद्दल लिहा. ब्राझीलच्या संगीताचा तुमच्याइतका जाणकार आपल्या माणसांत दुसरा कुणी नाही," त्या म्हणाल्या. जिन्यावर उभं राहून माझी बायको तेरेज सगळं ऐकत होती. ती वरूनच ओरडली, "लिहायचं तर खरं लिही हां!"

तेव्हा आधीच सांगून टाकतो. टोरांटोच्या पश्चिम भागात, पोर्तुगीज आणि ब्राझिलियन वस्तीत जुन्या रेकॉर्डचं एक दुकान होतं. तिथे मी नऊ वर्षं ब्राझीलचा कप्पा सांभाळला. लोक किचनरहून, हॅमिल्टनहून, तासाभराच्या अंतरावरून मला विचारत यायचे. आणि मला पोर्तुगीज येत नव्हतं. मोडकंतोडकंही नाही.

दोष माझ्या आडनावाचा. पोर्तुगीजांनी वसईत आमच्या पूर्वजांना बाप्तिस्मा दिला, आडनावं दिली आणि अडीचशेहून जास्त वर्षांपूर्वी ते निघून गेले. जाताना भाषा बरोबर घेऊन गेले. आम्ही लोपीस, डाबरे, घोन्साल्विस राहिलो, पण घरात बोललो आपली मराठीच. हे वॉल्टरला कुठून माहीत असणार? वॉल्टर म्हणजे दुकानाचा मालक, हॅमिल्टनच्या पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेला सहा फुटी माणूस. दोन हजार तीन साल होतं. मी कामाला होतो ते वेअरहाउस बंद पडून तीन महिने झाले होते. दाराला 'माणूस पाहिजे'ची पाटी दिसली म्हणून मी आत शिरलो. वॉल्टरने माझ्या अर्जावरचं नाव वाचलं आणि त्याचा चेहरा उजळला. "लोपीस! सुटलो बाबा. यू स्पीक पोर्तुगीज?"

मी "येस" म्हणालो. आयुष्यात माझ्या हातून याहून मोठी थाप झाली असेल, पण इतकी छोटी नक्की झाली नाही.

पहिल्या आठवड्यात गिऱ्हाइकं माझ्याशी पोर्तुगीजमध्ये बोलायला लागली. मी गंभीर चेहरा करून सांगायचो, "सॉरी, मालकांचा नियम आहे, दुकानात इंग्लिशच बोलायचं." हा नियम मालकांना माहीत नव्हता. वॉल्टर आसपास असला तर मी डोळे मिटून मान हलवायचो, "सीं, सीं" म्हणायचो आणि एखादी रेकॉर्ड लावायचो. गाणं सुरू झालं की माणसं बोलायची थांबतात, हा माझा वसईतला अनुभव. तिथे मी पंधरा वर्षं लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलं होतं. कान माझा पक्का होता. जीभच तेवढी परकी होती.

आता धंद्याविषयी थोडं. जुनी रेकॉर्ड घेताना ती दिव्याखाली तिरकी धरून बघायची. सरळ बघितलं तर सगळ्याच चकचकीत दिसतात. तिरकी धरली की सुईने काढलेल्या रेघा दिसतात. मग कव्हर नाकाशी न्यायचं. बेसमेंटची ओल नाकाला लगेच कळते, आणि ओलीतली रेकॉर्ड घेतली तर तिचा वास कप्प्यातल्या शेजारणींनाही लागतो. हिवाळ्यात उणे वीस तापमानातून कुणी खोकं घेऊन आलं तर ते दोन तास उघडायचं नाही. गार रेकॉर्डवर गरम हवेतला दमट थर बसतो आणि लोक तो बाहीने पुसतात. अशा बाह्यांनी जेवढ्या रेकॉर्डचा जीव घेतला तेवढा सुईने घेतला नसेल. विकायला आलेली माणसं ते दोन तास समोर बसून राहायची आणि त्या वेळात आपल्या घटस्फोटाची हकीकत सांगायची. घटस्फोटाशिवाय चांगला संग्रह बाजारात सहसा येत नाही.

आणि ब्राझीलविषयी. रिओच्या टेकड्यांवरच्या गरीब वस्त्यांत सांबा वाढला. पन्नासच्या दशकाच्या शेवटी समुद्रकाठच्या फ्लॅटमधल्या पोरांनी तोच सांबा गिटारवर हळू आवाजात, शेजारी झोपलेत अशा बेताने म्हटला. तो बोसा नोव्हा. पुढे लष्कराचं राज्य आलं आणि केस वाढवलेल्या पुढच्या पोरांनी त्यात विजेच्या गिटारी घुसवल्या. काहींना तुरुंगात टाकलं, काहींना देश सोडावा लागला. पण साठचं दशक संपताना आणि सत्तरच्या दशकात तिथे ज्या रेकॉर्ड निघाल्या, त्यांतून जगभरचे वादक अजून उचलेगिरी करतात. गायकांची नावं मी इथे मुद्दाम देत नाही. एकाचं दिलं की दुसऱ्याचे भक्त घरी फोन करतात.

खरं कारण वेगळं आहे. ती नावं मला धड उच्चारता यायची नाहीत. म्हणून मी प्रत्येक रेकॉर्डला कव्हरवरून नाव पाडलं होतं. कलिंगडवाली, रिकामी खुर्ची, रागावलेलं गाढव. सगळ्यांत मोलाची निळा दरवाजा. एक माणूस, एक गिटार, मागे कुठेतरी बासरी. टोरांटोतला जो कुणी हातात गिटार धरत असे, तो कधी ना कधी त्या दरवाज्यासाठी माझ्याकडे यायचा. थोड्या दिवसांत गिऱ्हाइकंही तीच नावं वापरू लागली. "मिस्टर लोपीस, गाढव आलं का?" असं बँकेतला सूटवाला मनुष्य विचारायचा.

इथपर्यंत ठीक होतं. पुढे मी चिठ्ठ्या लिहायला लागलो.

वॉल्टर म्हणाला, "लोकांना शब्द कळत नाहीत. प्रत्येक कव्हरवर इंग्लिशमध्ये एक छोटी चिठ्ठी लाव, गाणं कशाबद्दल आहे ते दोन ओळींत लिही. तुला तर कळतं." आता काय करता? मी रेकॉर्ड लावून डोळे मिटायचो, आणि जे दिसेल ते लिहायचो. दिसायचं सगळं वसईचंच. होडीची वाट बघणारी कोळीण, केळीच्या बागेत चोरून भेटणारी जोडपी, विहिरीवरून भांडणारे सख्खे भाऊ. नावं तेवढी ब्राझीलची घालायचो. चिठ्ठ्या तुफान चालल्या. लोक चिठ्ठी वाचून रेकॉर्ड घ्यायचे. हॅमिल्टनचे एक मास्तर त्या वहीत उतरवून घ्यायचे आणि म्हणायचे, "ब्राझीलमध्ये विहिरींना एवढं महत्त्व असेल असं वाटलं नव्हतं." मी म्हणायचो, "फार."

घरी मी हे हसत हसत सांगायचो. तेरेज हसायची नाही. "एक दिवस कुणीतरी तुझी चिठ्ठी खरी मानेल," ती म्हणायची.

चिठ्ठ्यांची सगळ्यांत इमानी वाचक होती डोना सेलिया. ब्राझीलहून तरुणपणी आलेली, शिवणकामातून निवृत्त झालेली बाई. दर गुरुवारी यायची. एक गुरुवार चुकला नाही. काही विकत घ्यायची नाही. चष्मा लावून, ओठ हलवत नव्या चिठ्ठ्या वाचायची, मधूनच खांदे हलायचे. मला वाटायचं, बाईला माझं लिखाण आवडतं. लेखकाला असं वाटायला फार लागत नाही. माझ्याशी ती नेहमी इंग्लिशच बोलायची, आणि हे मला तेव्हा सोयीचं वाटलं होतं. आपल्याच भाषेच्या जाणकाराशी ही बाई परक्या भाषेत का बोलते, हा प्रश्न मला सहा वर्षं पडला नाही.

मग निखिल आला. नागपूरचा, किचनरला सॉफ्टवेअरमध्ये. त्याच्या ऑफिसातल्या लुआना नावाच्या ब्राझिलियन मुलीशी त्याचं लग्न ठरलं होतं. मी मराठी बोलतो हे कळल्यावर पाचव्या मिनिटाला मी काका झालो.

"काका, तिचे आई-वडील लग्नाला येऊन राहिले. वडील माझ्याशी बोलतच नाहीत. त्यांना इंग्लिश येत नाही हे कबूल, पण ते स्माइलसुद्धा करत नाहीत. लुआनाची इच्छा आहे की वडिलांनी एकदा तरी म्हणावं, पोरगा चांगला आहे. सो आय हॅव अ प्लॅन. रिसेप्शनला मी त्यांच्या भाषेत गाणार. सरप्राइज."

त्याने खिशातून एक चिठ्ठी काढली. अक्षर माझंच. निळ्या दरवाज्याच्या दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं. त्यावर मी लिहिलं होतं: 'बऱ्याच वर्षांनी माणूस घरी परततो. बायको काही विचारत नाही, भात टाकते. ज्याच्याबरोबर म्हातारं व्हायचंय त्याच्याबरोबर ऐका.'

"हेच गाणार," निखिल म्हणाला. "चिठ्ठी वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, काका."

त्याच वेळी खरं बोलायला हवं होतं. पण डोळ्यांत पाणी आलं म्हणाला ना. मी सुखावलो.

कव्हरच्या मागे शब्द छापलेले होते. त्याने रेकॉर्ड ऐकून ऐकून ते देवनागरीत उतरवले होते आणि पाठ करायला घेतले होते. मी भीत भीत विचारलं, "कॉम्प्युटरवर अर्थ बिर्थ बघितलास का?"

"कशाला? तुमची चिठ्ठी आहे ना. आणि काका, लहानपणी आजोबांनी किती स्तोत्रं पाठ करून घेतली. अर्थ कुठे माहीत होता? उच्चार शुद्ध पाहिजे, बस."

त्याला काय हसणार? मीही वसईच्या चर्चमध्ये कॉयरला होतो. अख्खी लॅटिन गीतं घडाघड म्हणायचो, एका अक्षराचा अर्थ कळत नव्हता, आणि एकदाही देवाने हरकत घेतली नाही. आम्ही दोघं एकाच शाळेतले. अर्थ हा दुसऱ्या कुणाचा तरी विभाग आहे, असं मानून वाढलेले.

चार शनिवार तो किचनरहून गाडी हाकत उच्चार शिकायला आला. आणि मी शिकवले! दुकानाच्या मागच्या खोलीत खुर्ची टाकून, बोट वर करून सांगायचो, "नाही नाही, इथे नाकातून. इथे जीभ सैल." रेकॉर्डवर जसं ऐकू येई तसं घोटून घेतलं. पोरगा तयार झाला. चौथ्या शनिवारी तर अंगावर काटा आला.

लग्नाच्या आदल्या गुरुवारी डोना सेलिया आली. या वेळी चष्मा न लावता सरळ माझ्या काउंटरशी. शनिवारी ती मागच्या गल्लीतल्या बेकरीत आली होती. आमची मागची खिडकी उघडी होती, आणि सगळा क्लास तिने बाहेर उभं राहून ऐकला होता. "तो मुलगा ते गाणं कुठे गाणार आहे?" तिने विचारलं.

मी सांगितलं.

तिने पर्स काउंटरवर ठेवली. मग एकेक शब्द टाका घालावा तसा घालत म्हणाली, "त्या गाण्यात काय आहे, तुला ठाऊक आहे? लष्कराचे दिवस. संध्याकाळी दोन माणसं दाराशी येतात. दहा मिनिटांचं काम आहे म्हणतात. मुलगा त्यांच्याबरोबर जातो. आई रोज त्याचं ताट मांडते. रोज मांडते, रोज उचलते. तो येत नाही. ब्राझीलमध्ये हे लग्नात गात नाहीत, मिस्टर लोपीस."

"तुम्हाला माहीत होतं, मला पोर्तुगीज येत नाही?"

"पहिल्या विहिरीपासून," ती म्हणाली आणि निघून गेली.

त्या रात्री आणि शुक्रवारी मी निखिलला फोन लावायला तीनदा रिसीव्हर उचलला आणि तीनदा ठेवला. काय सांगणार? तुझ्या सासऱ्याला हसवायला निघालास, ते मर्तिकाचं गाणं आहे? मला नोकरीची भीती होती, हे लपवत नाही. पण त्याहून जास्त भीती होती त्या पोराने माझ्याकडे कसं बघावं याची. तेरेजने माझा सूट इस्त्री केला, टायची गाठ नीट केली आणि एवढंच म्हणाली, "तोंड उघडल्याशिवाय जेवायला बसू नकोस."

शनिवारी किचनरच्या हॉलमध्ये मी निखिलला वॉशरूममध्ये गाठलं. तो आरशासमोर शेरवानीची कॉलर नीट करत गाणं गुणगुणत होता.

"निखिल, मला पोर्तुगीज येत नाही."

"हो काका, मलाही स्टेजफ्राइट आलंय."

"अरे, खरंच येत नाही. कधीच येत नव्हतं. चिठ्ठ्या माझ्या मनाच्या. ते गाणं मेलेल्या मुलाचं आहे. गाऊ नकोस."

त्याने वळून माझ्याकडे बघितलं. "मग ते चार शनिवार? ती जीभ सैल?"

"रेकॉर्डवर ऐकून."

तो रागावेल, ओरडेल अशी तयारी करून मी उभा होतो. तो फक्त म्हणाला, "काका, माझ्याकडे दुसरं काहीच नाही हो." हे ऐकणं ओरडण्यापेक्षा वाईट होतं. तेवढ्यात बाहेर माइकवर त्याचं नाव पुकारलं गेलं.

मी त्याच्या मागोमाग बाहेर आलो. एका बाजूला नागपूरची मंडळी, दुसऱ्या बाजूला ब्राझीलची. मधल्या टेबलाशी लुआनाचे वडील हाताची घडी घालून बसलेले. निखिल माइककडे न जाता सरळ लुआनाकडे गेला आणि तिच्या कानाशी बोलायला लागला. सगळं सांगत असणार. माझ्याकडे एकदा बोटही दाखवलं. तिने काहीतरी विचारलं, त्याने पहिली ओळ हळूच म्हणून दाखवली. लुआनाने दोन्ही हात तोंडावर दाबले. मला वाटलं, रडते आहे. मग तिचे खांदे हलताना दिसले, आणि तिने नवऱ्याला चक्क माइककडे ढकललं. "सिंग! ऑल ऑफ इट!"

तो गायला. पहिल्या ओळीला ब्राझीलच्या टेबलांवर शांतता पसरली. दुसरीला कुणीतरी फसकन हसलं. तिसरीला सगळे टेबलं बडवायला लागले. निखिल घाबरून डोळे मिटून, उच्चार शुद्ध ठेवून गातच राहिला. आणि ध्रुवपदाला लुआनाचे वडील उठले. हाताची घडी सुटली. त्यांनी आपली खुर्ची उचलली, हॉलच्या एका कोपऱ्यात नेऊन ठेवली, मान हलवली, परत उचलली, दुसऱ्या कोपऱ्यात नेली. त्यांची बायको पोट धरून हसत होती. पाठोपाठ सगळ्या काकांनी खुर्च्या उचलल्या.

निखिलच्या आई माझ्या शेजारी उभ्या होत्या. मला त्यांनी दिवसभर 'तज्ज्ञ' म्हणून सगळ्या नातेवाइकांना दाखवलं होतं. "लोपीसभाऊ," त्या म्हणाल्या, "हे लोकं काऊन हसून राहिले? काय अर्थ आहे गाण्याचा?"

सगळं नागपूर माझ्याकडे बघत होतं. माझ्याकडे दोन अर्थ तयार होते आणि दोन्ही समोरच्या खुर्च्यांशी जुळत नव्हते.

"मला माहीत नाही, ताई," मी म्हणालो. "मला पोर्तुगीज येत नाही."

"असं कसं? तुमचं तर आडनावच..."

"तेवढंच येतं."

अर्थ नंतर लुआनाने सांगितला. नवं जोडपं, गळकं छप्पर. पाऊस आला की पलंग या कोपऱ्यात सरकवायचा, तिथे गळायला लागलं की त्या कोपऱ्यात. सगळी रात्र सरकवण्यात जाते, आणि नऊ महिन्यांनी पाळणा हलतो तेव्हा शेजारी विचारतात, तुम्हाला वेळ मिळाला कधी? गायकाने हे सगळं प्रार्थना म्हणावी तशा गंभीर आवाजात म्हटलेलं, त्यातच त्याची गंमत. तिच्या आई-वडिलांच्या पहिल्या घराचं छप्पर खरोखरच गळकं होतं. सासऱ्यांनी निखिलला मिठी मारली आणि पाठीवर इतक्या थापा दिल्या की त्याचा फेटा सुटला. ते जे काही म्हणाले ते मला कळलं नाही, पण लुआना ते ऐकून रडली. मग मी जेवायला बसलो.

सोमवारी मी वॉल्टरला खरं काय ते सांगितलं. तो भडकला. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "सगळ्या चिठ्ठ्या काढ. खऱ्या लिही. कशा ते तू बघ." कशा ते मला माहीत होतं.

गुरुवारी डोना सेलिया आली तेव्हा मी तिच्यासाठी स्टूल आणि कॉफी मांडून ठेवली होती. "हसलीस ना पोटभर?" मी विचारलं.

"तुलाही कळायला हवं होतं," ती म्हणाली, "कुणी आपल्याला खोटा अर्थ सांगितला की कसं वाटतं."

त्या हिवाळ्यात दर गुरुवारी आम्ही चिठ्ठ्या दुरुस्त केल्या. ती ऐकायची आणि सांगायची, मी लिहायचो. विहिरी बुजल्या, होड्या बुडाल्या. गाढवाचं गाणं निघालं महापौरावरचं. हॅमिल्टनचे मास्तर हळहळले आणि वहीतली पानं फाडू की नको विचारायला लागले. खऱ्या चिठ्ठ्या खोट्यांइतक्या चालल्या नाहीत, हेही सांगायला हवं. पण होडीची वाट बघणाऱ्या कोळणीच्या जागी जेव्हा एका शहराचं, एका खरोखरीच्या रस्त्याचं गाणं निघायचं, तेव्हा इतकी वर्षं आपण काय काय ऐकलंच नाही याचं वाईट वाटायचं. अजून वाटतं.

फेब्रुवारीत एका गुरुवारी बाहेर बर्फ पडत होता, दुकानात आम्ही दोघंच. सहज म्हणून मी तिला म्हणालो, "माझ्या थापा ठीक होत्या, पण तुझी थाप पक्की होती. ती दोन माणसं, ते दहा मिनिटांचं काम, ते ताट. उभ्या उभ्या एवढं कसं सुचलं तुला? कुठल्या गाण्यातलं उचललंस?"

ती रेकॉर्ड कव्हरमध्ये सरकवत होती. ती नीट आत गेल्यावर तिने कव्हर मांडीवर ठेवलं.

"ते गाण्यातलं नाही," ती म्हणाली. "ते आमच्या घरातलं. ताट माझी आई मांडायची."

सहा वर्षं ती बाई दर गुरुवारी माझ्यासमोर उभी राहून मी रचलेली दुःखं वाचत होती, आणि हसत होती. मी सुई उचलून चालू असलेली दुसरी रेकॉर्ड थांबवली. भावाचं नाव काय होतं, विचारलं. तिने सांगितलं. मला ते पहिल्यांदा नीट उच्चारता आलं नाही, म्हणून मी परत विचारलं, आणि जमेपर्यंत तिच्याकडून म्हणवून घेतलं.